चौल-रेवदंडा: निघताना तिथी बघा

पुण्याहून खोपोली-पेण-अलिबागमार्गे चौल साधारण दीडशे किलोमीटर. पहाटे निघालात तर वडखळची कोंडी टळते.

नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं हे गाव म्हणजे जुनं चेमूल. प्राचीन भूगोलकार टॉलेमीला ठाऊक असलेलं बंदर! पुढे रशियन प्रवासी निकितिन इथेच उतरला. 1508 मध्ये इथल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. 1740 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांना इथून घालवलं.

रामेश्वराची पुष्करिणी शांतपणे बघाच. रेवदंड्याच्या किल्ल्यात ‘सातखणी’ मनोरा आहे, पण शाबूत खण चारच. तटाबाहेरून समुद्राच्या बाजूने फिरायचं तर ओहोटीच हवी. बहुतेकांचं इथेच चुकतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी जाल तर पाणी थेट तटाला. कृष्णपक्षात मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू.

पूल ओलांडला की कोर्लई. गडापेक्षा गाव भारी, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली अजून बोलली जाते.