बाईंची उत्तरसूची

'भारतातील पहिली रेल्वे कोठे धावली?' याचं उत्तर ठाण्यातल्या पोराला न येणं म्हणजे घरच्या देवाचं नाव न येणं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. पण मालगाड्या त्याआधीच धावल्या होत्या. रुरकीला गंगेच्या कालव्याच्या कामासाठी १८५१ सालीच वाफेचं इंजिन माती ओढत होतं. प्रश्नात 'प्रवासी' एवढं टाकलं की भांडण मिटतं, पण टाकतो कोण? एखाद्या आगाऊ मुलाने 'रुरकी' लिहिलं तर भोपळा ठरलेला. (ठाणेकर म्हणून मी त्या भोपळ्याच्या बाजूने आहे, ते सोडा.)

परवा भाचीचा घटक चाचणीचा पेपर पाहिला. 'तुमच्या घरी पाणी कोठून येते?' तिने लिहिलं होतं, 'टँकरमधून.' त्यावर लाल फुली आणि शेजारी सुवाच्य अक्षरात, 'नदी, विहीर, तलाव.'

ती राहते घोडबंदर रोडला. उन्हाळ्यात त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकर सोडून दुसरा विषय नसतो. आला का, किती वाजता आला, बी विंगला जास्त का सोडलं. विहीर तिने पुस्तकातल्या चित्रात पाहिलीये. तलाव म्हणाल तर मासुंदा. तिथे बोटीत बसतात आणि काठावर पाणीपुरी खातात, तलावातलं पाणी काही कोणी पीत नाही. ठाण्याला पाणी पुरवतात भातसा आणि उल्हास नद्या. म्हणजे बाईंच्या उत्तरातला एक तृतीयांश भाग बरोबर, पोरीचं पूर्ण बरोबर, आणि गुण शून्य.

बाईंवर राग नाही माझा. समोर गठ्ठा, हाताशी उत्तरसूची, डोक्यावर निकालाची तारीख. त्या तरी प्रत्येकीच्या टाकीत कुठे डोकावणार? राग आहे तो प्रश्न काढणाऱ्यावर. 'तुमच्या घरी' असं विचारायचं आणि उत्तर मात्र पुस्तकातल्या घरचं मागायचं! नुसतं 'पाण्याचे स्रोत लिहा' म्हटलं असतं, तर पोरीने मुकाट्याने घोकलेलं उतरवलं असतं.

पुढचा प्रश्न होता, 'पाण्याची बचत कशी होते?' तिचं उत्तर, 'टँकर आला नाही की आपोआप होते.'

याला मात्र पूर्ण गुण आहेत. बाईसुद्धा घोडबंदरलाच राहत असाव्यात.