उजनीखालचं शिवार, जुन्या टोपोशीटवर

भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेलेली गावं कशी होती हे जाणून घ्यायचं, तर बहुतेक जण आधी म्हातारी माणसं गाठतात. मी आधी नकाशा गाठला आणि हा क्रम मला अजूनही बरोबर वाटतो. नुसतं “तुमचं गाव कसं होतं?” विचारलं, की देऊळ, वाडा, नदीकाठचा मळा एवढ्यावर गाडी थांबते. “या तीन वाटा गावाबाहेर एकाच जागी का मिळतात?” असं विचारलं, की समोरचा माणूस सरसावून बसतो.

टोपोशीट म्हणजे चढउतार, वाटा, विहिरी दाखवणारा सरकारी नकाशा. हवं ते शीट शोधणं वाटतं तितकं अवघड नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत 47 हा चार अंश रुंद, चार अंश उंच असा मोठा चौकोन. त्याचे ए ते पी असे सोळा तुकडे आणि प्रत्येक तुकड्याचे पुन्हा 1 ते 16. मोजायचं डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून खाली, मग शेजारच्या रांगेत. असं मोजत गेलं की भिगवण 47 जे/15 मध्ये येतं आणि इंदापूर 47 एन/4 मध्ये. एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागात मुलांना प्रात्यक्षिकासाठी ठेवलेली एक इंची शीटं होती (एक इंचाला एक मैल), तिथे परवानगीने स्कॅन करता आली. धरणाचं काम 1966 ला सुरू झालं आणि 1980 ला पुरं झालं. त्यामुळे समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष मी आधी पाहिलं. छपाईच्या वर्षावर जाऊ नये. जुनीच मोजणी पुन्हा छापलेली असू शकते.

स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश पुरतात, पण जुनी शीटं एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर आधारलेली आहेत. आजच्या जीपीएसची पद्धत निवडली तर सगळं गाव थोडं सरकून बसतं. पद्धत बरोबर निवडून, पाण्यात न गेलेल्या टेकड्या आणि रस्त्यांची वळणं उपग्रहचित्राशी ताडून पाहिली, तेव्हा जुळलं.

मग पाण्याची कड काढली. या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. धरण पूर्ण भरल्यावर पाणीपातळी 496.83 मीटर असते, म्हणजे 1630 फूट. जुन्या शीटवरच्या तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर 50 फुटांना. 1600 च्या आतलं सगळं बुडालं हे नक्की. 1650 च्या वरचं वाचलं. मधल्या पट्ट्याबद्दल नकाशा हमी देत नाही, आणि भीमेचा काठ इतका सपाट, की हा पट्टा चांगलाच रुंद निघतो. त्या पट्ट्यासाठी उन्हाळ्यातली उपग्रहचित्रं कामी आली. पाणी उतरलं की गाळपेरीची (उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली) रानं आणि जुन्या रस्त्यांचे बांध त्यांत चक्क दिसतात. पळसदेवच्या देवळाचं शिखर पाहायला तर अशा वर्षी गर्दीच होते.

पण देवळापेक्षा मला वाटांनी जास्त सांगितलं. इंदापूर आज पुणे जिल्ह्यात, करमाळा सोलापुरात आणि मध्ये पाणी. त्यामुळे हे दोन मुलूख पहिल्यापासून वेगळेच असं वाटत राहतं. शीटवर मात्र तुटक रेघांच्या गाडीवाटा या काठावर नदीत उतरतात आणि समोरच्या काठावर पुढे सुरू होतात. गावाच्या नावाखाली कंसात आठवडे बाजाराचा वार छापलेला असतो. वाटा आणि वार शेजारी ठेवले, की कुठल्या काठचं कोण कुठल्या बाजाराला जात असेल याचा अंदाज बांधता येतो. रेल्वेही तेव्हा वेगळ्या मार्गाने जायची. पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी 1858 मध्येच पोचली होती. धरणामुळे रूळ हलले आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीला आला. बाकी ठिकाणी नदी ओलांडायचे उतार बुडाले, तिथे बोटी आल्या. कुगाव आणि कळाशीच्या मध्ये मे 2024 मध्ये बोट उलटून सहा जण गेले. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शीटवरचे ते दोन काठ होते.

नकाशा घेऊन माणसांकडे गेलो ते यानंतर. पुनर्वसित गावातल्या एका आबांनी कागद दोनदा फिरवला आणि म्हणाले, “आधी नदी दाव, मंग बाकीचं सांगतो.” नदी सापडल्यावर त्यांचं बोट थांबेना. निळ्या ठिपक्यांच्या विहिरींपैकी कुठलीवर मोट होती, कुठलीचं पाणी मचूळ, सगळं आलं. एक वाट मात्र त्यांनी साफ नाकारली. “हितनं कुणी जात नव्हतं.” समोर बसलेल्या आजी म्हणाल्या, “तुमी नव्हता जात. आमी धुण्याला त्याच वाटंनं जायचो.” सर्वेक्षकाने ती वाट टिपून ठेवली होती, हे त्याचे उपकार.

शेतांची नावं मात्र एक इंची नकाशावर मावत नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेखाचा गावनकाशा लागतो. त्यावर बांध आणि सर्व्हे नंबर असतात, पण उंचसखल काहीच कळत नाही. आता तो या शीटवर चढवायचं काम चाललंय. कोपऱ्याला अक्षांश नसल्याने शिवेवरचे जुने दगड शोधत बसावं लागतंय, आणि त्यातले बरेच पाण्यात आहेत.