आठळीला घाई, सागरगोटा थांबतो : मुलांसोबत बियांच्या चार महिन्यांच्या नोंदी

गेल्या वर्षी मुलांबरोबर कापसावर मूग रुजवले होते. दोन दिवसांत मोड आले, मुलांनी बघितले आणि तिसऱ्या दिवशी ताटली तशीच पडून राहिली. म्हणून यंदा आपल्या खळ्यात, परसात नि किनाऱ्यावर जे बी आपसूक मिळतं तेवढंच घेतलं. प्रश्नही एकच ठेवला: कुठलं बी थांबतं आणि कुठल्याला थांबवत नाही? सोबत माझी लेक (६ वर्षं) आणि भाचा (४ वर्षं). घर दापोली तालुक्यातलं, समुद्र चालत दहा मिनिटांवर.

मे, पहिला आठवडा
बरका फणस फोडला. २० आठळ्या धुऊन घेतल्या. त्यातल्या १० लगेच करवंट्यांत माती भरून लावल्या (डोळ्यांची अर्धी करवंटी घ्यावी; मऊ डोळा टोचला की पाणी निथळायला भोक तयार) आणि १० सुपात घालून खळ्यात उन्हाला ठेवल्या. भाच्याला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठ्यांवर लेकीने थेंब आणि सूर्य काढले.

मे, शेवटचा आठवडा
ताज्या १० पैकी ९ वर आल्या. मुलांनी एक उपटून पाहिली: कोंब वर, मूळ खाली, आणि आठळीच्या दोन्ही डाळी मातीतच. त्याच दिवशी सुपातल्या १० आठळ्या लावल्या. जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहिली, एकही उगवली नाही. लेकीने वरवंट्याने एक फोडली तर आतून खडखडीत.

सासूबाईंनी ऐकलं नि म्हणाल्या, "अगो, आठळी वाळली की मेली. आम्ही चिखलात घोळवून ठेवायचो त्या, आषाढात भाजीला." त्यांचं घोळवणं म्हणजे आठळीतली ओल आत कोंडून ठेवणंच. फणस, आंबा, जांभूळ ही झाडं पावसाच्या तोंडावर पिकतात. बी खाली पडतं तेव्हा जमीन ओली व्हायलाच आलेली असते, त्यामुळे वाळून तग धरायची सवय या बियांना नाही. मुलांना हे सांगायला चित्र लागलं नाही, थेंब आणि सूर्याच्या चिठ्ठ्या समोरच होत्या.

मे अखेर, भाताचं बियाणं
घरात पेरणीची तयारी चालली होती, म्हणून मुलांनाही मूठभर भात दिलं. शेतकरी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बियाणं निवडतात, आम्ही १ लिटरला ३० ग्रॅम घेतलं. पोचट दाणे वर तरंगले, भरलेले तळाशी बसले. तरंगते काढून टाकले आणि तळचे साध्या पाण्यात दोनदा धुतले. मीठ राहिलं तर रुजवा बिघडतो, हे धुणं चुकवू नका.

पुढचा प्रयोग मला स्वतःला सगळ्यात आवडला. निम्मे दाणे ओल्या फडक्यात, निम्मे काचेच्या पेल्यात चार बोटं पाण्याखाली. फडक्यातल्यांना मुळं आणि कोंब दोन्ही आले. पेल्यातल्यांना फक्त पांढरा लांब कोंब, मुळाचा पत्ता नाही! बुडालेल्या भाताला हवा कमी पडते, म्हणून ते आधी कोंब वर काढून हवा शोधतं, मूळ नंतर. पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत होता नि भाचा रोज सकाळी दात घासायच्या आधी तिथे हजर. मग दोन्ही मुलांना खाचरावर नेलं.

जून, बाठे
पडवीत रायवळ आंब्याच्या बाठ्यांना (कोयींना) तांबूस पालवी फुटली. लेकीने विचारलं, "आई, हापूसचा बाठा लावला तर हापूसच येईल?" तसाच येईल याची खात्री नाही, कारण त्या बाठ्याला आई आहे तसा बापही आहे, आणि परागकण कुठल्या आंब्याचे आले ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून तर कलम करतात. वाडीतल्या एका काकांनी आमच्याच कोवळ्या रोपावर हापूसची काडी चढवून कोय कलम करून दाखवलं. पट्टी घट्ट गुंडाळली तेव्हा भाच्याने विचारलं, "दुखलं का त्याला?"

जून ते ऑगस्ट, सागरगोटे
भरतीच्या रेषेवर कचऱ्यात ६ राखाडी सागरगोटे सापडले. सासूबाई आधी ते खेळायलाच बसल्या, एक वर उडवायचा नि तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. खेळ झाल्यावर ३ तसेच बादलीत टाकले. उरलेल्या ३ गोट्यांच्या एका बाजूचं कवच मी पॉलिश पेपरने आतला फिका थर दिसेपर्यंत घासलं. हे मोठ्यांनीच करावं, गोटा निसटतो.

घासलेले चौथ्या दिवशी फुगून तळाशी गेले. कुंडीत लावले, दोन उगवले, एक कुजला. माती फार चिकट होती, पुढच्या खेपेस वाळू जास्त घालणार. न घासलेले तिघे आज दहा आठवडे तरंगताहेत, रंगसुद्धा बदललेला नाही. पाणी आत शिरू न देणाऱ्या या कवचामुळेच ते समुद्रातून लांबवर जातात. लेक म्हणाली, "यांनी रेनकोट काढलाच नाही."

लहान मूल असेल तर सागरगोटे हाताशी ठेवू नका, तोंडात जातात. गुंज तर मी घरातच आणत नाही. दिसायला सुंदर, पण विषारी. ओल्या काजूबियाही मुलांना फोडायला देऊ नका, टरफलातल्या चिकाने कातडी भाजते.

ऑगस्ट, खाडीवर
ओहोटीला कांदळ, म्हणजे खारफुटीचं झाड, बघायला गेलो. याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरव्या शेंगेसारखं लोंबत राहतं. आठळीपेक्षाही घाई असलेलं बी मुलांना हवंच होतं! तोडायचं नाही, फक्त वाहून आलेलं उचलून बघायचं, असा नियम आधीच सांगितला होता. भाच्याने एक उचलून चिखलात उभं खोचलं आणि निघेपर्यंत मागे वळून बघत होता.

आता वाल
बिरड्यासाठी भिजवलेले कडवे वाल सोलताना मुलं दोन डाळींमधला चिमुकला अंकुर शोधायला शिकली आहेत. पेरायचे वाल वेगळे काढले. सासूबाईंनी ते राख चोळून बाटलीत भरलेत. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर टाकायचे, तोवर हे थांबणार. लेकीने बाटलीला चिठ्ठी लावली आहे, या वेळी सूर्याशेजारी हसरा चेहरा. बादलीतले तिघे सागरगोटे मात्र तिने मला घासू दिले नाहीत, दिवाळीपर्यंत तसेच ठेवायचे म्हणते.