आमची वाटचाल : तुटलं कुठे?

मुंबईच्या दारूखाना भागातल्या आमच्या गाळ्यात दर शनिवारी दुपारी झाडावर चढायचा एक नवाकोरा दोर, ताकद तपासायला, ओढून तोडला जातो. विकला असता तर चार पैसे देऊन गेला असता, असा चांगला दोर. शेजारचा वेल्डिंगवाला अजून विचारतो, "शेठ, तुमचा धंदा चालतो तरी कसा?" प्रश्न रास्त आहे.

दोर आमच्या घरात पहिल्यापासून. बाबा वरळी कोळीवाड्यातले तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. तीन पेडी दोराचे पेड सोडवून, उलटे फिरवून, एकेक ओवत टोकाला डोळा, म्हणजे गाठ न मारता केलेला कायमचा फासा, घालायचा, हे मी त्यांच्या मांडीशी बसून शिकलो. "नायलॉन निसरडं, पाच वेळा तरी ओव," हे वाक्य लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. पुढे बोटीचे दोर, माल उचलायच्या स्लिंगा, असा धंदा मांडला. तो चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं आणि मुंबईभर झाडं आडवी झाली. आठवडाभराने झाडं छाटणारा एक ठेकेदार आला. फांद्या उतरवायचे दोर तो आमच्याकडूनच न्यायचा. या वेळी त्याच्या हातात चढायचा परदेशी दोर होता, टोकाचा डोळा झिजून केसाळलेला. "भाऊ, असा डोळा घालून द्याल? बाहेरून मागवायचा तर पावसाळा संपेल." बाबांनी दोर हातात फिरवला, दाबून पाहिला आणि म्हणाले, "याला पेडच नाहीत."

खरंच नव्हते. बाहेर विणलेलं कव्हर आणि आत वेगळा विणलेला गाभा. गाठ मारून काम भागलं असतं, पण गाठीत दोर इतका मुडपतो की आठच्या आकड्याची चांगली गाठसुद्धा ताकदीचा पाव हिस्सा खाते. शिवाय गाठ कडीत नि पुलीत अडकते. नीट घातलेला डोळा बहुतेक सगळी ताकद राखतो. प्रश्न त्या 'नीट'चा होता.

माप दोराच्या जाडीच्या एकवीस पट. म्हणजे 12 मिलिमीटरच्या दोराला साधारण 25 सेंटिमीटर. या मापाने खुणा करायच्या, गाभा बाहेर काढायचा, कव्हरचं टोक गाभ्यात आणि गाभ्याचं टोक कव्हरमध्ये घालायचं, मग उशीला अभ्रा चढवावा तसं कव्हर ओढत ओढत डोळ्यापर्यंत आणायचं. शेवटची चार बोटं जागा अशी असते की अंगठ्याची साल निघते. पहिला डोळा घालायला मला अख्खा दिवस लागला. दिसायला झकास होता. गाळ्याच्या खांबाला चेन ब्लॉक आणि भंगारातून आणलेला काटा लावून ओढला. नऊशे किलोच्या आसपास तो तुटला नाही, सापाने कात टाकावी तसा निसटून आला.

का, ते कळायला दोन आठवडे गेले. आत घातलेल्या टोकाला कव्हर आवळून धरतं, आणि ओढ वाढेल तसं जास्त आवळतं. पण सुरुवातीला ओढ नसते, तेव्हा टोक सरकू नये म्हणून आरपार टाके घालावे लागतात. मी टाके घातले नव्हते, आणि आतलं टोकही आखूड कापलं होतं.

नंतरचे तुकडे एका प्रयोगशाळेत दिले. सुबक प्रमाणपत्र आलं, शिक्क्यासकट. आकडा मात्र आमच्या अंदाजापेक्षा बराच कमी. तुटलं कुठे, याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या खेपेला मी स्वतः जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसलं : डोळा ज्या पिनेत अडकवला होता ती करंगळीएवढी बारीक, आणि दोर बरोबर तिच्यावरच कापल्यासारखा तुटत होता. ते आमच्या डोळ्याची नव्हे, त्यांच्या पिनेची परीक्षा घेत होते. जाड पिना आम्हीच करून नेल्या. आकडा वर गेला.

अमेरिकेत झाडावर चढायच्या दोराची ताकद किमान 5,400 पौंड लागते, म्हणजे सुमारे 2,450 किलो. युरोपच्या मानकात जाड प्रकारचा नुसता दोर 22 किलोन्यूटनला, म्हणजे सुमारे 2,240 किलोच्या ओढीला, टिकायला हवा, आणि टोकाला डोळा वगैरे तयार केलेला दोर 15 किलोन्यूटनची, म्हणजे सुमारे 1,530 किलोची, ओढ तीन मिनिटं धरून राहायला हवा. सत्तर किलोच्या माणसाला एवढं कशाला, असं गिऱ्हाईक विचारतं. झटका, झीज, गाठी, चीक, ऊन, सगळं त्यातून वजा होत जातं, हे त्याला सांगतो. करवत लागली तर कुठलाच आकडा कामाचा नाही, हेही सांगतो. आणि गुलमोहराला दोर टाकणाऱ्याला एवढंच म्हणतो, दोर अडीच टन धरेल, फांदी धरेल का ते तू बघ.

आता यंत्र आमचं स्वतःचं आहे. लोखंडी चॅनलमध्ये हायड्रॉलिक सिलिंडर, एका टोकाला ओढ मोजणारा लोड सेल, वर जाळी आणि जुने टायर, कारण तुटलेलं टोक माणसाचं हाड मोडेल इतक्या जोरात परत येतं. ओढ वाढत जाते तशी आधी दोराची जाडी कमी होते, मग आतून तिळाच्या चिक्कीसारखा कुटकुट आवाज येतो. मग काही क्षण शांतता, आणि बार. जाळी उघडली की जळक्या प्लॅस्टिकचा वास. घासून घासून पॉलिएस्टरचे तंतू जागोजागी वितळून काचेसारखे कडक झालेले असतात. आकडा आम्ही नंतर बघतो, आधी तुटल्याची जागा.

2023 च्या मे महिन्यात ही सवय कामाला आली. पावसाळ्याआधीची छाटणी, सगळ्यांना दोर कालच हवे होते. शनिवारचा तुकडा बाकीच्यांपेक्षा बराच आधी तुटला, आणि तुटला ते बरोबर आत घातलेलं टोक जिथे संपतं तिथे. कापून पाहिलं. टोक निमुळतं न करता सरळ छाटलेलं होतं. दोराची जाडी तिथे एकदम पायरीसारखी उतरते आणि सगळा ताण त्या पायरीवर येतो. घाईत माझ्या भाच्याने ते काम गाळलं होतं, आणि त्याला घाई मीच लावली होती. त्याच खेपेतले नऊ दोर मुलुंडला गेले होते. रविवारी लोकलने जाऊन ते पिशवीत भरून परत आणले. ठेकेदार चिडला, पैसे कापले, पण माणसं पुन्हा चढायच्या आत दोर माझ्या ताब्यात होते.

तेव्हापासून प्रत्येक डोळ्यात नंबराची पट्टी आणि वहीत नोंद : कोणी घातला, कधी, कुठल्या रिळातला. दर दहातला एक तोडायचा, कुठला ते चिठ्ठी काढून. जो तोडला तो विकता येत नाही, आणि जो विकला तो तोडलेला नसतो, त्यामुळे दहाही एकाच हाताने, एकाच मापाने झाले तरच त्या एका आकड्याला अर्थ. गिऱ्हाइकाला सरासरी सांगत नाही, सगळ्यात कमी आलेला आकडा सांगतो. "मग माझाच दोर अडीच टन ओढून दाखवा," म्हणणारेही भेटतात. दाखवेन, पण त्यावर मग तुम्हाला चढू देणार नाही.

जूनमध्ये काही तुकडे रात्रभर बादलीत भिजवूनही तोडतो. नायलॉन ओलं झालं की दहा-पंधरा टक्के ताकद घालवतं, पॉलिएस्टरला फारसा फरक पडत नाही. मुंबईत हे सुकं तोडून कळणार कसं?

बाबा आता बोटीवर जात नाहीत, शनिवारी गाळ्यावर येतात. चिठ्ठीत निघालेल्या दोराचा डोळा अंगठ्याखाली फिरवून, कुठे तुटेल ते खडूने खूण करून सांगतात. गेल्या महिन्यात चारपैकी तीनदा खूण बरोबर निघाली. वेल्डिंगवाल्याने आता त्यावर कटिंग चहाची पैज लावायला सुरुवात केली आहे.