ऱ्होंडाचं गॅदरिंग आणि क्लिफ मॉर्गन

साउथ वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यात आम्ही राहिलो ते ह्यांच्या दवाखान्यातल्या नोकरीमुळे. खाणकामगारांच्या त्या गावांत तेव्हा भारतीय डॉक्टर बरेच होते. दर १ मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, मुलांच्या शाळेत आयस्टेद्वोद असे. माझ्या लेखी ते गॅदरिंगच! उंच काळ्या टोप्या घातलेल्या मुली, लाल रग्बी जर्सीतले मुलगे, छातीवर डॅफोडिल. पाठांतर, समूहगान, हाऊस-हाऊसमधली चुरस, आणि उत्तम कवितेसाठी मानाची खुर्ची.

नंतर चहा आणि तव्यावर भाजलेले वेल्श केक. आजोबा मंडळी एका टेबलाशी जमत आणि विषय ठरलेला असे: रग्बीपटू क्लिफ मॉर्गन आणि त्याचा सर्वांत मोठा पराक्रम कोणता. तो जवळच्या ट्रेबॅनोगचा, खाणकामगाराचा मुलगा, जन्म १९३०चा. टोनरेव्हाइलच्या शाळेत नेड ग्रिबल नावाच्या मास्तरांनी त्याला रग्बीत घडवलं. त्या मास्तरांचं नाव ही म्हातारी माणसं किती आदराने घेत!

मॉर्गन फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा डाव रचणारा खेळाडू. १९५१ ते १९५८ या काळात वेल्सकडून २९ सामने खेळला. रग्बी युनियनमध्ये तेव्हा खेळण्याचे पैसे मिळत नसत. १९५३ मध्ये आधी कार्डिफ क्लबने न्यूझीलंडला ८-३ हरवलं, मग महिन्याभरात वेल्सने १३-८. दोन्ही संघांत तो होता. वेल्सला न्यूझीलंडवर पुन्हा विजय मिळालेला नाही, म्हणून तर ती गोष्ट दरवर्षी नव्याने सांगितली जायची.

दुसऱ्या बाजूचे म्हणत, ते काही नाही, १९५५! ब्रिटिश लायन्सचा, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाचा, दक्षिण आफ्रिका दौरा, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, नव्वद हजारांवर माणसं. बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती. रेग हिगिन्सचा पाय मोडला आणि लायन्स चौदा जणांनिशी खेळले. मॉर्गनने आफ्रिकेच्या बचावाला बगल देऊन ट्राय केला, म्हणजे चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. शेवटच्या क्षणी आफ्रिकेच्या व्हॅन डर स्किफची किक हुकली आणि लायन्स जिंकले. २३-२२! एक आजोबा इथे टेबलावर हात आपटत, कप हलत.

त्याच दौऱ्यात मॉर्गन संघाचा गाण्याचा म्होरक्या होता. चॅपेलमध्ये गात वाढलेला मुलगा तो. त्याने सगळ्यांकडून गाणी बसवून घेतली, अगदी यजमानांच्या आफ्रिकान्स भाषेतलंसुद्धा, आणि विमानतळावर उतरताच संघ ते गायला. मला हा किस्सा फार आवडे. आयस्टेद्वोदमध्ये गाणारी ती पोरं बघितली, की हे बीज कुठलं ते कळायचं.

खेळ सोडल्यावर तो बीबीसीत गेला. १९७२ मध्ये पक्षाघात झाला, वाचा गेली. मोठ्या जिद्दीने ती परत मिळवली. २७ जानेवारी १९७३ला कार्डिफमध्ये बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाचा न्यूझीलंडविरुद्ध सामना होता. नेहमीचे समालोचक बिल मॅक्लारेन आजारी पडले आणि समालोचनाचं काम क्लिफ मॉर्गनकडे आलं. सुरुवातीलाच गॅरेथ एडवर्ड्सने कोपऱ्यात झेप घेऊन ट्राय केला, तेव्हा मॉर्गनचा आवाज आनंदाने टिपेला पोहोचला होता. ते ध्वनिचित्रण मी कितीदा तरी ऐकलंय. आजोबांचा १९५३ की १९५५ हा वाद काही मिटला नाही. माझं मत मात्र १९७३ला.