किल्ली वर, कुलूप खाली

जुलै लागला की लातूरच्या हॉस्टेलवाल्यांना माझी आठवण येते. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम सांगतो की इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं प्रमाणपत्र मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. परवानाधारक एजन्सीनं तपासून तो कागद द्यायचा असतो. त्याचं नाव फॉर्म बी. मी अशाच एका एजन्सीत काम करतो. बहुतेकांना तपासणी नको असते, कागद हवा असतो. आणि खोटं कशाला बोलू, इमारतीत पाऊलही न टाकता कागद देणारे या धंद्यात आहेत.

ही गोष्ट मुलींच्या एका हॉस्टेलची. ट्युशन एरियापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मूळ घर तळमजला आणि वर एक मजला. सोयाबीनचे दोन-चार बरे हंगाम आणि बँकेचं कर्ज यांच्या जोरावर मालकांनी वर आणखी दोन मजले चढवले. खोलीत तीन-तीन कॉट, साठेक मुली. बीड, परभणी, हिंगोलीकडच्या, बहुतेक नीटच्या तयारीला आलेल्या. मालक माणूस वाईट नाही. मेसची पोळी आधी स्वतः खाऊन बघतो, मुलींना ‘बाई’ लावून बोलतो.

दुपारी सगळीकडे फिरलो. जिना एकच. जिन्याखाली मीटर बोर्ड, वायरिंग घर होतं तेव्हाचंच, आणि त्यावर आता गिझर, इस्त्र्या, वॉशिंग मशीन असा सगळा भार. बोर्डाला खेटून मुलींच्या स्कूटी लावलेल्या. म्हणजे ठिणगी जिथं पडणार तिथंच पेट्रोल आणि प्लास्टिक, आणि डोक्यावर खाली उतरायची एकुलती एक वाट. अग्निशामक सिलिंडर प्रत्येक मजल्यावर होते, स्टिकरही ताजे होते. पण दोन सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात. सिलिंडर भिंतीवरून न उतरवता नुसता स्टिकर बदलला की असं दिसतं. खिडक्यांना पक्क्या ग्रील. गच्चीच्या दाराला कुलूप. स्वयंपाकघर मागच्या बाजूला सुटं होतं, गॅसच्या टाक्या बाहेर. तिथं माझी तक्रार नव्हती.

गच्चीवरची टाकी हा लातूरचा खास विषय. होजरील, म्हणजे आग विझवायची गुंडाळून ठेवलेली पाण्याची नळी, बसवलेली होती, पण तिची आणि न्हाणीघरांची पाइप एकाच उंचीवरून घेतलेली. सकाळच्या आंघोळी झाल्या की टाकी कोरडी आणि होजरील शोभेची. २०१६ साली ज्या शहरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ‘आगीसाठी पाणी राखून ठेवा’ म्हटलं की लोक तोंडाकडे बघत राहतात. उपाय सोपा असतो: वापराची पाइप टाकीच्या वरच्या अंगाला घ्यायची, होजरीलची तळाशी. मग वापराचं पाणी संपलं तरी तळातलं शिल्लक राहतं. मालकांना हे लगेच पटलं. पाण्याचं गणित इथं कुणालाही पटतं.

पटलं नाही ते चॅनल गेटचं. जिना उतरला की समोर लोखंडी चॅनल गेट, संध्याकाळी सातला त्याला कुलूप, किल्ली मावशींकडे. मी म्हटलं, हे चालणार नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागात स्पष्ट आहे, बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. मालक हसले. “सर, मुलींचं हॉस्टेल आहे ओ. कुलूप काढलं तर उद्या सकाळी अर्ध्या पोरी आईबाप घेऊन जातील.” रेक्टर मॅडमही म्हणाल्या, “मावशी गेटपाशीच असतात. दोन मिनिटांत उघडतात.”

मी वाद घातला नाही. म्हटलं, रात्री ड्रिल घेऊ, मग सहीचं बघू.

ओळखीच्या डीजेवाल्याकडून धुराचं मशीन आणलं. वरातीत नवरदेव उतरताना सोडतात ना, तो धूर. ते मीटर बोर्डापाशी ठेवलं, मागं पेडेस्टल फॅन, दोन्हीला वीज शेजारच्या घरातून. दम्याच्या दोन मुली आणि पाय मुरगळलेली एक, अशा तिघींना आधीच बाहेर अंगणात बसवलं. मालकांना दुसरी किल्ली घेऊन गेटच्या बाहेर उभं केलं आणि बजावलं, कुणी घाबरली, पडली तर लगेच उघडायचं, नाहीतर मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. गंगाखेडकडचे एक वडील मुलीसाठी फराळाचा डबा घेऊन आले होते. मुलगी डबा घेऊन वर गेली होती, ते बसच्या वेळेपर्यंत तिथंच रेंगाळले.

साडेनऊला मेन स्विच पाडला. मीटर बोर्ड पेटला की आधी लाईटच जाते. मग मशीन सुरू केलं आणि शिट्टी वाजवली.

पहिल्या मजल्यावरच्या मुली हसत निघाल्या आणि वळणावर धूर बघून थबकल्या. वरच्या मजल्यांवरच्या मागून उतरतच होत्या. काही परत फिरल्या, त्या उतरणाऱ्यांवर आदळल्या. इमर्जन्सी लाईट एकही नाही. “मोबाईलचा टॉर्च लावा गं!” कुणीतरी ओरडलं. पण मोबाईल होते कुठं? अभ्यासाच्या वेळी ते जमा करतात, तळमजल्यावर ऑफिसच्या कपाटात, तेही कुलपात. म्हणजे टॉर्च नाही आणि खरी आग असती तर १०१ ला फोन करायलाही वर कुणाकडे काही नाही. आठ-दहा जणी गच्चीकडे धावल्या. तिथलं कुलूप मला दुपारपासून माहीत होतं, त्यांना तेव्हा आठवलं.

आणि मावशी? मावशी गेटपाशी नव्हत्या. जेवणाची ताटं गोळा करायला दुसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला, म्हणजे किल्ली दुसऱ्या मजल्यावर आणि कुलूप तळमजल्यावर, मध्ये धूर. “कशाचा धूर येलालाय गं?” करत त्या गर्दीतून कशाबशा खाली आल्या. जुडग्यात कोठी, किचन, गच्ची, ऑफिस, गेट, सगळ्याच किल्ल्या. अंधारात त्या एकेक लावून बघतायत, मागून मुलींचा रेटा, आणि बाहेरून मालक ओरडतायत, “मावशी, पितळेची! अहो पितळेची!”

शिट्टीपासून गेट उघडेपर्यंत साडेचार मिनिटं गेली.

डीजेचा धूर थंड असतो, खोकल्यापलीकडे त्यानं फारसं काही होत नाही. खरा धूर गरम असतो, जिन्याचं धुराडं होतं आणि तो याच्या कितीतरी पट वेगानं वर चढतो. शिवाय तेव्हा साडेनऊ होते, सगळ्या जाग्या होत्या. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येईल असं धरून चालता येत नाही. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेल्या एका कुटुंबातले सात जण गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या, गुदमरून गेले. हे मी अंगणात बसलेल्या मुलींना सांगितलं तेव्हा त्यांचं हसणं बंद झालं.

एकीनं विचारलं, “सर, ओला रुमाल तोंडाला बांधून धुरातून पळालं तर?” म्हटलं, रुमाल काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. मी पुढं बोलायच्या आत शेजारची म्हणाली, “कार्बॉक्सीहिमोग्लोबिन होतं. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त ओढ असते त्याला हिमोग्लोबिनची.” पाठ होतं सगळं. पण आपण ज्या जिन्यानं रोज चढतो त्याच्याशी त्याचा काही संबंध आहे, हे मात्र तिच्या चेहऱ्यावर तेव्हा उमटलं. मग मी त्यांना तेवढंच सांगितलं जे खरोखर कामाचं आहे: जिन्यात धूर भरलेला दिसला तर उतरायचं नाही, खोलीत परत जायचं, दार लावायचं, दाराखालच्या फटीत ओली चादर कोंबायची, रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन ओरडायचं. दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये १५ जून २०२३ ला कोचिंगची मुलं खिडकीतून दोरांना, वायरींना धरून उतरली, तो व्हिडिओ बहुतेकींनी पाहिलेला होता. “आपल्याला तर ग्रील आहे,” एक जण म्हणाली. बरोबर होतं तिचं. प्रत्येक खोलीतल्या एका ग्रीलला आतून उघडणारी झडप हवी, हे मी वहीत लिहिलं.

मावशी जिन्याच्या पायरीवर बसून होत्या, जुडगं मांडीवर. गाव त्यांचं औसा तालुक्यातलं. “किल्लारीच्या येळेला मी लहान होते,” त्या म्हणाल्या. “तवापासून सवताच्या घरात आतून कुलूप कधी लावलं न्हाई. इथं मालक म्हणतेत म्हणून कमरेला बांधून हिंडते.” १९९३ च्या भूकंपाच्या त्या पहाटेबद्दल लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. मालक खाली बघत राहिले.

गंगाखेडच्या वडिलांनी मात्र तोंडावर विचारलं, आणि प्रश्न योग्य होता. “कुलूप नसंल तर आम्ही कशाच्या भरवशावर लेकरू ठेवायचं?” कायद्याची माणसं इथं चुकतात असं माझं मत आहे. बापाला कलम वाचून दाखवतात. त्याची भीती खरी असते आणि आगीपेक्षा रोजची असते. मी त्यांना दोन भीती वेगळ्या करून दाखवल्या. बाहेरून कुणी आत येऊ नये, ही एक. तिच्यासाठी बाहेरच्या बाजूनं किल्लीशिवाय दार उघडूच नये, त्याला कुणाची ना नाही. आतून कुणी न सांगता जाऊ नये, ही दुसरी. तिच्यासाठी कुलूप लागत नाही, आवाज लागतो. दाराला आतून आडवी दांडी बसवता येते, पॅनिक बार म्हणतात. अंगानं रेटली तरी दार उघडतं आणि त्याच क्षणी रेक्टरच्या खोलीत भोंगा वाजतो.

“म्हणजे गेली तर कळंल,” ते म्हणाले.

“लगेच कळेल.”

“आन आग लागली तर निघंल.”

“हो.”

ते मालकांकडे वळले. “दांडी बसवा. पैसे लागले तर फी वाढवा.” हे वाक्य मी हजारो रुपयांच्या दंडानंही मालकांच्या गळी उतरवू शकलो नसतो. काच फोडून किल्ली काढायची पेटी बसवू का, असं मालकांनी मध्येच विचारून बघितलं, स्वस्त पडते म्हणून. तिला मी नाही म्हटलं. अंधारात पितळेची किल्ली सापडत नाही, काच कुठं सापडणार.

त्या रात्री सही केली नाही. मालक थोडे नाराज झाले, पण दुसऱ्या एजन्सीकडे गेले नाहीत, आणि तसे जाणारे मी पाहिलेत. पंधरवड्यात चॅनल गेट काढून दांडीचं लोखंडी दार बसलं, जिन्यात बॅटरीचे दिवे आणि धुराचे अलार्म लागले, सिलिंडर खरोखर भरून आले, स्कूटी कंपाउंडच्या कडेला गेल्या. प्रत्येक मजल्यावर कीपॅडचा एक साधा फोन आणि टॉर्च ठेवायचं रेक्टर मॅडमनी स्वतःच ठरवलं. जिन्याखालचा मीटर बोर्ड हलवायला वीज कंपनीकडे अर्ज, कोटेशन, पुन्हा अर्ज असं चाललं. तो बाहेरच्या भिंतीवर गेला तेव्हा फॉर्म बी दिला. गच्चीचं कुलूप अजून आहे. त्यामागची मालकांची भीती वेगळी आहे, ती ते उघड बोलत नाहीत आणि मलाही ती खोटी म्हणता येत नाही. तिथं कठडा उंच करून भोंग्याचंच दार बसवा, यावर आमचं घोडं अडलंय.

त्याच गल्लीतल्या दुसऱ्या हॉस्टेलच्या रेक्टर बाईंचा ड्रिलनंतरच्या आठवड्यातच फोन आला होता, आमच्याकडेही तो धूर करून दाखवा म्हणून. तासाभरानं त्या हॉस्टेलच्या मालकांचा आला. “धूरबीर काही नको सर. नुसता फॉर्म बी द्या. किती घेणार?”

मी विचारलं, गेटला आतून उघडायची कडी आहे का?

“कडी आहे की,” ते म्हणाले, “आणि कुलूप पण आहे.”