हत्तरसंग कुडलला गाडीवर जाणार असाल तर टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) सोबत ठेवा

सोलापुरातून हत्तरसंग कुडलचं संगमावरचं देऊळ 40 किलोमीटरच्या आसपास. निघायच्या आधी ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, "तासाभराचं काम आहे की, पंक्चरवाले तर पावलापावलाला." विजापूर रोडपुरतं हे खरं आहे. रोड सोडून आत वळलात की ऊस, तुरीची शिवारं आणि कडेला वेडी बाभूळ. दुकान नाही, सावली नाही, आणि खडीत पडलेला काटा दिसतही नाही. स्वतःचं पंक्चर स्वतःला काढता येत नसेल तर हा रस्ता एकट्याने गाडीवर करू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

माझी गाडी स्पोकच्या चाकांची, म्हणजे टायरात ट्यूब. मागचं चाक विजापूर रोडवरच बसलं. समोर दुकान दिसलं, उन्हात कशाला हात काळे करा म्हणून तिथेच लावली. पोराने ट्यूब ओढून काढली, घमेल्यात बुडवली, बोटं फिरवत फिरवत म्हणाला, "चार हायत दादा. एकाचे शंभर." एक भोक मला मान्य होतं. ते टायरच्या बाजूला होतं, काट्याचंच. बाकीची तीन ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडे, एका ओळीत, सुईच्या टोकाएवढी. काटा बाहेरून येतो, तो रिमकडून कसा शिरेल? स्पोकचं टोक वर आलं असेल तर तिथे भोक पडतं, हे खरं. म्हणून रिमवरची रबरी पट्टी उचलून बघितली. पट्टी धड, साधा ओरखडा नाही. विचारलं तर मालक खुर्चीवरून न उठता म्हणाला, "ट्यूबच जुनी हाय, आम्ही काय करणार." हुज्जत घालून चारशेचे अडीचशे झाले. आमच्या पेठेतला माणूस एका पॅचचे साठ घेतो.

तेव्हा हायवेवर पंक्चर काढायला दिलंत तर नजर पाण्यावर नको, त्याच्या हातावर ठेवा. ट्यूब एक पूर्ण फेरा फिरवून घ्या, भोक दिसेल तिथे लगेच खूण करा, आकडा मोठ्याने म्हणा, आणि मगच घासायला हात लावू द्या.

पण माझा खरा राग पैशाचा नाही. अडीचशे घेऊन त्याने टायरातला काटा तसाच ठेवला होता. आतल्या रस्त्यावर थोडं अंतर गेलो न गेलो तोच मागचं चाक डुलायला लागलं. एक म्हातारे शेतकरी बैलं घेऊन चालले होते, त्यांना पंक्चरवाला विचारला. "हितं कुठला आलाय पाव्हणं? माघारी विजापूर रोडलाच." म्हणजे परत त्याच माणसाकडे. त्यापेक्षा ऊन बरं.

आता कामाचं. व्हिडिओत हे दहा मिनिटांत होतं. होत नाही. पहिला तास टायरची कड रिमवरून सोडवण्यातच जातो असं धरून चाला. चाक मात्र खोलावं लागत नाही. नवीन ट्यूब टाकायची असेल तरच एक्सल काढायचा. पॅच मारायचा असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या, खाली सपाट दगड द्या, व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या आणि एकाच बाजूची कड उचला. उन्हाने तापलेलं रबर जरा नरम असतं, दुपारचा तेवढाच फायदा. टामी दोन हव्यात, तीन असल्या तर उत्तम. व्हॉल्व्हपासून सुरुवात करा, पण त्याआधी समोरच्या बाजूची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खाचेत बसवा. कड खाचेत नसेल तर कितीही जोर लावा, टायर हलत नाही. मी जोर लावून लावून तळहात सोलून घेतले, तेव्हा कुठे समोरची कड पूर्ण बसली. हातमोजे घ्या.

भोक शोधायला घमेलं लागत नाही. ट्यूबमध्ये हवा भरून ओठांजवळून फिरवा, गार फुंकर लगेच कळते. मग बाटलीतलं पाणी टाकून खात्री करा. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, मी एकाच बाटलीत दोन्ही भागवलं आणि पुढचे दोन तास त्याची आठवण झाली. काचपेपरने घासा, सुलेशन (पॅच चिकटवायचा रबरी डिंक) लावा आणि थांबा. ओल्यावर पॅच डकवला तर तो निघणारच. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतकं सुकू द्या. आपल्याकडच्या उन्हात वेळ लागत नाही, पण धूळ बसते, तेव्हा पाठीचा आडोसा करा. पॅच टामीच्या पाठीने मधून कडेकडे रगडा.

आणि काटा. टायरात बोट घालू नका. कापसाचा बोळा किंवा रुमाल आतून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा. माझा बाभळीचा, बाहेरून टायरच्या बरोबरीने मोडलेला, आत तांदळाच्या दाण्याएवढं टोक. बाहेरून दिसलाच नसता. आतून पकडीने दाबून बाहेर ढकलला. एक सापडला म्हणून थांबू नका, अख्खा फेरा पूर्ण करा. मला दुसराही मिळाला.

बसवताना उलटं: व्हॉल्व्हच्या समोरून सुरू, व्हॉल्व्हपाशी शेवट. शेवटची वीतभर कड बसवताना व्हॉल्व्ह आत ढकलून धरा, नाहीतर टामीखाली ट्यूब चिमटते आणि स्वतःच्या हाताने नवं पंक्चर होतं. आधी अर्धी हवा भरा, सोडा, परत भरा, म्हणजे ट्यूबची घडी मोडते. फूटपंप छोटा असला तरी चालेल, पण घरी एकदा मारून बघा. माझ्या पंपाने मांड्या भरून आल्या.

पुढे देऊळ. भीमा-सीनेचा संगम, बहुमुखी शिवलिंग, संगमेश्वराच्या देवळातला शके 940 चा मराठी शिलालेख. छान आहे, जरूर बघा. परतीच्या रस्त्यावर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

ट्यूबलेसवाल्यांनी फार खुश होऊ नये. काटा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो उपटू नका, तसेच हळू हळू विजापूर रोडला या. उपटायचाच तर आधी भोक बुजवायची चिकट दोरी, कानस आणि दोरी आत घालायची सुई हाताशी ठेवा, आणि पंप तर हवाच. टायरची बाजूची भिंत चिरली असेल तर दोरीच्या नादी लागू नका, सरळ टेम्पो थांबवा.